शेठजींच्या गादीवर मोसंबी

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येत आहे की, मोसंबीचा रस बाटलीत बसवण्याच्या कामी जालना जिल्ह्यात एक बाग, एक नोकरी सोडलेली सूनबाई आणि एक पांढरीशुभ्र गादी पणाला लागली होती. पैकी गादी वाचली नाही. उरलेल्या दोघींचं काय झालं हे ऐकायचं असेल तर बसून घ्या, आणि हातात प्यायचं काही असेल तर आधी खाली ठेवा.

सूनबाई म्हणजे माझी धाकटी नणंद. वडीगोद्रीला, हायवेपासून जरा आत, तिच्या सासरची मोसंबीची बाग आहे. ती स्वतः संभाजीनगरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रस, सॉस, जॅम असलं काही तपासायची. मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडू होतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो कडू होऊ नये याची तिला युक्ती सापडली. युक्ती सापडलेल्या माणसाचं जे होतं तेच मग तिचंही झालं. नोकरी सोडली, गोठ्याशेजारच्या खोलीत फरशी बसवली, यंत्र आणलं आणि जाहीर केलं की आता आपण मोसंबीचा रस काचेच्या बाटलीत, महागात आणि ऐटीत विकणार.

रस तिच्याकडं. ऐट माझ्याकडं. जालन्यात माझं जाहिराती आणि पॅकिंग डिझाइन करायचं दुकान आहे. आमच्या गावात बियाण्यांच्या कंपन्या भरपूर, त्यामुळं माझं निम्मं आयुष्य भेंडीची पाकिटं सजवण्यात गेलेलं. त्या धंद्याचा नियम सोपा असतो. भेंडी मनगटाएवढी दाखवायची, कोबी दिव्यासारखा उजळायचा, आणि मिरची अशी की पाकीट हातात घेतल्याबरोबर ठसका लागावा. या अनुभवाच्या जोरावर मी नणंदेला म्हटलं होतं, “ताई, तू रसाचं बघ. बाटली माझ्यावर सोड.” तिनं सोडली. माणसं कशी बिनधास्त असतात बघा.

आता बागेचं. बाग तिच्या सासऱ्यांची. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. उंच, वाळका, बोलायला महाग माणूस. दुष्काळाच्या वर्षी टँकरचं पाणी आणून, झाडाच्या बुडाशी तांब्या-तांब्यानं घालून त्यांनी ती बाग जगवली होती. शेजारच्यांनी बागा तोडून सरपण विकलं, तेव्हा मामा भर उन्हात झाडांच्या बुडाशी पाचट अंथरत होते. तेच मामा यंदा म्हणाले, बाग काढायची. फळगळ फार, भावाचा भरवसा नाही, आता पाटाचं पाणी येतंय तर ऊस लावून मोकळं व्हावं.

नणंद रडली, भांडली, जेवली नाही. शेवटी मामांनी अट घातली. मी तिथंच ओट्यावर बसले होते, म्हणून शब्द न शब्द सांगू शकते.

“एक गिऱ्हाईक दाखव. हातगाडीवालं न्हाई. बराबर खोक्यानं बाटल्या घेणारं, मोठं. त्यानं माझ्या देखत हो म्हणायला पाह्यजे. न्हाई तर सोमवारी जेसीबी येऊन राह्यलं.”

एवढं बोलून ते उठले आणि शेताकडं गेले. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिचा अर्थ लावत बसले नाही. विहिरीकडं जायचा त्यांचा रोजचा रस्ता बागेतून होता. त्या दिवशी ते बागेच्या बाहेरून, बांधाबांधानं, मोठा वळसा घालून गेले. नणंद म्हणाली, “बाग काढायचं ठरवल्यापासून असंच चाललंय.” आणि बाटलीतला रस? तो त्यांनी जिभेलाही लावला नव्हता. “मला गोड चालत न्हाई,” म्हणायचे, आणि चहात दोन चमचे साखर घालून घ्यायचे.

मोठं गिऱ्हाईक आमच्या डोळ्यांसमोर एकच होतं. जालन्याच्या जुन्या मोंढ्यातले एक शेठजी, किराण्याचे ठोक व्यापारी. पणजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं जैन घराणं. आता बोलणं पक्कं आमच्याच वळणाचं, मधूनच हिंदीची फोडणी. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. मांडवात शिरताना पाहुण्यांच्या हातात द्यायला त्यांना काहीतरी नवं हवं होतं, आणि आवडलं तर दुकानातही ठेवणार होते. शेठजींनी फळीवर ठेवलेली वस्तू अंबडपासून आष्टीपर्यंतचे दुकानदार न विचारता मागवतात, एवढा त्या फळीचा दबदबा. शनिवारी सकाळी भेटायला या, असा निरोप आला. शनिवार. आणि सोमवारी जेसीबी. मधला रविवार मोंढ्याला सुटी.

म्हणजे बाटली पहिल्याच फटक्यात बरोबर असायला हवी होती.

माझं पहिलं डिझाइन मी मोठ्या अभिमानानं नणंदेपुढं ठेवलं. फुटबॉलएवढी मोसंबी, वर दवाचे थेंब, मागं उगवता सूर्य. तिनं बराच वेळ पाहिलं.

“वहिनी, हे बियाण्याचं पाकीट आहे. मागं उगवणशक्ती लिहायची राहिली तेवढी.”

“ओ नणंदबाई, लांबून दिसायला पाहिजे की नाही?”

“महागाची वस्तू ओरडत नाही, वहिनी.”

“मग गिऱ्हाइकाला बोलवायचं कसं? लाजून?”

मग तिनं स्वतः एक केलं. पांढरं लेबल, त्यावर मधोमध मुंगीएवढं नाव, बाकी सगळं कोरं. (नाव मी सांगत नाही. पुढं जे झालं त्यात त्या नावाची काही चूक नव्हती, उगाच बदनामी नको.) मामा ओसरीवरून जाता जाता थांबले, लेबल हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, “शाई सपली व्हय?”

झालं. ते लेबल तिथंच वारलं.

लेबलापेक्षा मोठी पंचाईत बाटलीची होती. नमुन्याला म्हणून मी पहिल्यांदा उंच, निमुळती, पारदर्शक काचेची बाटली आणली होती. त्यात रस भरून आम्ही ती ओट्यावर उन्हात ठेवली. फिकट पिवळा रंग, काच चमकतेय, आम्ही दोघी हरखून बघतोय. मामांनी पलीकडून मान वळवली.

“हे कुठं नेऊन द्यायचं? तालुक्याच्या दवाखान्यात?”

नणंद हसून हसून पायरीवर बसली. मीही हसले. आणि मग हसता हसता दोघींनी पुन्हा बाटलीकडं पाहिलं आणि दोघींचंही हसू थांबलं. एकदा ते डोळ्यात भरलं की निघतच नाही. कितीही सोनेरी अक्षरं छापा, ती बाटली तपासणीलाच निघालेली दिसत होती.

दुसरी आणली ती हिरव्या काचेची, बारीक गळ्याची, वर सोनेरी झाकण. काय रूप होतं तिचं! मी ती दुकानात माझ्या टेबलावर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून. कागदवाले काका बिल घेऊन आले, त्यांनी आधी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग दाराकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, दुकानात नका ठेवत जाऊ असलं. लोकं बोलून राह्यले.” मी डोळ्यांपुढं शेठजींच्या नातवाचं लग्न आणलं. मांडवाच्या दारात समस्त जैन समाज उभा, प्रत्येकाच्या हातात बारीक गळ्याची हिरवी बाटली, आणि समोर फोटोवाला. हिरवी बाटली मी त्याच दिवशी परत केली.

आणि मग मला ती सापडली. बसकी, पारदर्शक काचेची, रुंद खांद्यांची, रुंद तोंडाची. ती दारूची वाटत नव्हती, औषधाची वाटत नव्हती, तपासणीची तर मुळीच नाही. अंगाभोवती गडद हिरवं लेबल गुंडाळलं आणि लेबलात पानाच्या आकाराची एक खिडकी कापली. त्या खिडकीतून आतला रस एवढाच दिसायचा की पानावर ऊन पडलंय असं वाटावं. ओरडणं नाही, लाजणं नाही. नणंदेनं ती हातात घेतली, अंगठा खिडकीवरून फिरवला आणि काही बोललीच नाही. नणंद भावजयीच्या कामावर काहीच बोलत नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्र या राज्यात मिळत नाही.

रसातला गर तळाशी बसतो, म्हणून गळ्यात सुती दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली: ‘आधी हलवा, मग उघडा.’ तीही मोठी देखणी झाली.

त्या बाटलीच्या आम्ही काय परीक्षा घेतल्या! लग्नात बाटल्या बर्फाच्या टाकीत बुडवून ठेवतात आणि महागाची लेबलं तिथं सुटून पाण्यावर तरंगतात, हे मला माहीत होतं. म्हणून ती बर्फाच्या बादलीत घालून ठेवली. लेबल हललं नाही. मोटारसायकलच्या डिकीत घालून खडीच्या रस्त्यावरून फिरवली. फुटली नाही. पिवळ्या दिव्याखाली पाहिली, पांढऱ्या दिव्याखाली पाहिली, उलटी टांगून ठेवली. थेंब गळला नाही. चवही पुन्हा पुन्हा घेतली, मामा सोडून सगळ्या घरानं घेतली, वाटीत ओतून, चमच्यानं, जीभ वाजवून, अगदी तिच्या प्रयोगशाळेत घेतात तशी.

एक परीक्षा तेवढी राहिली. ती शेठजींनी घेतली.

शनिवारी सकाळी निघालो. गाडी नणंद चालवत होती. पुढं तिच्या शेजारी मामा, धुतलेलं धोतर, कडक टोपी. मागं मी, आणि माझ्या मांडीवर बर्फाचा टब, त्यात बाटल्या. टब खाली ठेवायला जागा होती, पण मी ठेवला नाही. गाडी बागेच्या कडेनं हायवेला लागली. मोसंबीची झाडं डाव्या हाताला होती आणि मामाही डाव्याच हाताला बसले होते. पण बाग संपेपर्यंत ते मान वळवून उजवीकडच्या मोकळ्या रानाकडं बघत राहिले.

अंबडच्या अलीकडं गतिरोधक आले. प्रत्येक गतिरोधकावर टबातून किणकिण आवाज यायचा आणि नणंदेची मान आरशात वर व्हायची.

“वहिनी?”

“धड आहेत. तू पुढं बघ.”

“लेबलं?”

“लेबलंही धड आहेत. मी तेवढी गारठून चाललेय.”

मांडीवरची साडी बर्फाच्या पाण्यानं भिजून चिकटली होती. कोणी हसलं नाही. एरवी गाडीत मी असताना पाच मिनिटं शांततेत जात नाहीत, पण त्या दिवशी माझ्याही तोंडाला कुलूप होतं. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामा फोन कानाला लावत नाहीत, स्पीकर चालू करून तोंडासमोर धरतात, त्यामुळं पलीकडचा माणूस गाडीत येऊन बसल्यासारखा बोलतो.

“मामा, जेसीबीवाला बोलतोय. सोमवारचं फिक्स ना? डिझेल भरून ठेवायचं होतं.”

नणंदेचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले. गाडीत फक्त बाटल्या वाजत होत्या.

“मामा? आवाज येऊन राह्यला का?”

“येऊन राह्यला,” मामा म्हणाले. त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. “ठेव भरून.”

अंबड मागं पडलं.

शेठजींची पेढी म्हणजे जुन्या पद्धतीची. पायऱ्या चढून, चपला काढून वर जायचं. अख्ख्या खोलीभर गादी, गादीवर पांढरी चादर, पांढरे लोड. चादर अशी की बसायचं म्हटलं तरी पापाची भीती वाटावी. मी ओल्या साडीनं अगदी कडेला, टेकल्यासारखी बसले. नणंद शेठजींच्या समोर. मामा दारापाशी, भिंतीला पाठ लावून, गुडघे उभे करून. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि मानेनं सुनेला खुणावलं. म्हणजे, कर सुरू, मी ऐकतोय.

शेठजी पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या मिशांत, चष्मा लावून बसले होते. त्यांनी बाटली घेतली. पाकिटं कशी बघतात हे मला आयुष्यभर माहीत आहे. शेठजी बघत होते तसं कोणी बघत नाही. नखानं काच वाजवली. लेबलाचं टोक खरवडलं. बर्फातून आलेलं ओलं लेबल, तरी टोक उचललं गेलं नाही. बाटली उलटी धरून झाकणाकडं पाहत राहिले.

“गळून न्हाई राह्यली,” ते स्वतःशीच म्हणाले.

मी नणंदेकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आम्ही दोघी तिथंच ओरडलो असतो.

“दिसायला बढिया आहे,” शेठजी म्हणाले. “बिलकुल बढिया. पाहुण्याच्या हातात शोभंल.” मग चष्म्यावरून नणंदेकडं बघून, “पण बेटा, मोसंबीचा रस अन् कडू न्हाई? माझे केस उगंच पांढरे झाले का?”

“शेठजी, महिनाभर ठेवून बघा. कडू झाला तर माझं नाव बदला.”

“आत्ताच बघू.” मग ते मामांकडं वळले. “पाटील, बाग तुमची का?”

मामांनी टोपी नीट केली. “रान माझं हाय,” ते म्हणाले. “बाटलीची खटपट सुनंची.”

बाग हा शब्द त्यांनी टाळलेला मी ऐकला. नणंदेनंही ऐकला असावा, तिनं मान खाली घातली.

शेठजींनी आतल्या माणसाला पेले आणायला सांगितले. इथं माझ्यातली डिझाइनवाली जागी झाली. पेल्यात ओतला की तो नुसता रस. मग बाटली कशाला, खिडकी कशाला, दोऱ्याची चिठ्ठी कशाला? मी हात पुढं करून म्हणाले, “शेठजी, पेला कशाला? बाटलीतूनच घ्या. मांडवात सगळे तसंच घेणार. हवी तर नळी आहे.” आणि पिशवीतून कागदाची, हिरव्या पट्ट्यांची नळी काढली.

“नळी?” शेठजी हसले. “मी काय शाळेत जाऊन राह्यलो? बाटलीतूनच घेतो.”

त्यांनी चिठ्ठी वाचली. आज्ञाधारकपणे बाटली हलवली. चांगली हलवली. गर वर आला, खिडकीत पिवळा ढग फिरला. झाकण उघडलं. आणि त्यांचा हात वर जायला लागला.

छातीच्या वर. हनुवटीच्या वर. डोक्याच्याही वर. मान मागं गेली, तोंड उघडलं, डोळे मिटले.

त्या क्षणी मला कळलं.

आमच्याकडं बाटलीला तोंड कोण लावतं? माझ्या दुकानात पाण्याची एक बाटली दिवसभर सगळ्यांच्या हातातून फिरते आणि तिला कोणाचे ओठ लागत नाहीत. एसटीत, कोर्टाच्या आवारात, मोंढ्यात, लग्नात, सगळीकडं हात वर आणि धार तोंडात. मी स्वतः अशीच पिते. नणंद अशीच पिते. मामा तर तांब्यासुद्धा असाच पितात. पण महागाची बाटली करायची म्हटल्यावर आम्ही दोघींनी मनात कोणी दुसराच माणूस धरला होता. जाहिरातीतला, कुठल्याशा समुद्राकाठी उभा राहून बाटलीला ओठ लावणारा. तो माणूस जालना जिल्ह्यात राहत नव्हता. त्याला या लग्नाचं आवतणही नव्हतं.

“शेठजी, थां...” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

रुंद तोंडातून धार येत नाही. आधी काहीच येत नाही, आणि मग सगळं एकदम येतं. भक्कन आवाज झाला. रस तोंडात गेला, नाकात गेला, चष्म्यावर गेला, मिशांवरून सदऱ्यावर आणि सदऱ्यावरून गादीवर. शेठजी ठसकले. हिशेब करत बसलेल्या दिवाणजींची लेखणी हवेतच राहिली. पांढऱ्या चादरीवर पिवळा डाग थाळीएवढा झाला, मग परातीएवढा, आणि त्याच्या मधोमध गराचा एक तुकडा दिमाखात बसला.

नणंद अर्धवट उठून, हात पुढं करून, तशीच थिजलेली. मला डोळ्यांपुढं जेसीबीचं लोखंडी फावडं दिसत होतं, पिवळंच. मी मामांकडं पाहायचं धाडस केलं नाही.

शेठजींनी चष्मा काढला. मिशांवरून जीभ फिरवली.

“कडू तर न्हाई,” ते म्हणाले.

नणंदेचा श्वास सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. “शेठजी, माफ करा, मी पेले...”

“थांब बेटा.” त्यांनी हात वर केला. आवाजात वेगळीच धार होती. “पेला न्हाई पाह्यजे. माझा हात हालला. जन्मात कधी थेंब न्हाई सांडला माझा, विचार मोंढ्यात कोणालाही. दुसरी खोला.”

ही नवीनच आफत. आता बाटली राहिली बाजूला, शेठजींची इभ्रत गुंतली होती. दुसरी बाटली खोलली. मी नळी पुढं केली, ती त्यांनी न बघता बाजूला सारली. या वेळी मांडी नीट घातली, कोपर बरगडीला टेकवलं आणि बाटली अगदी बेतानं कलती केली. रस काठापर्यंत आला. थांबला. आम्ही सगळे त्या काठाकडं पाहत होतो, दिवाणजीसुद्धा. गराचा एक गोळा तोंडाशी अडकला होता. शेठजींनी बाटली केसभर अजून कलती केली.

गोळा सुटला.

या वेळचं मी वर्णन करत नाही. गादीवरचा दुसरा डाग पहिल्याला जाऊन मिळाला, एवढंच सांगते.

“अजून एक,” शेठजी म्हणाले. मिशांतून रस ठिबकत होता, डोळे लाल झाले होते, आणि त्या माणसाचा निश्चय असा होता की टबातल्या सगळ्या बाटल्या संपेपर्यंत आज पेढी बंद होणार नव्हती. नणंद रडवेल्या आवाजात म्हणाली, “शेठजी, राहू द्या ना.” त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच टबात हात घालून तिसरी बाटली काढली, हलवली, खोलली.

आता मी मामांकडं पाहिलं. ते शेठजींकडं बघत नव्हते, सुनेकडं नाही, माझ्याकडं नाही. त्यांची नजर गादीवर होती, त्या पसरत चाललेल्या पिवळ्यावर. दुष्काळात झाडाच्या बुडाशी पडलेलं तांब्याभर पाणी जमिनीत शिरेपर्यंत बघत बसत असतील, तर असंच बघत असतील. शेठजींचा हात पुन्हा वर जायला लागला आणि मामांचे गुडघे हलले.

शेठजी हो म्हणाले, ते त्यानंतर. सदरा बदलून आल्यावर म्हणाले, की रस पाह्यजे, लेबल पाह्यजे, बाटली पण हीच पाह्यजे, फक्त तिला झारीसारखी तोटी बसवा. म्हणून आज त्या बाटलीला तोटीचं झाकण आहे आणि लोक त्याला माझी मोठी कल्पना समजतात. मीही समजू देते. जेसीबीवाल्याला नको म्हणून फोन गेला तो परतीच्या वाटेवर, अंबडच्या गतिरोधकांपाशी. पण बाग वाचली ती या सगळ्याच्या आधी. शेठजींचा हात डोक्याच्या वर पोचला होता, बाटली कलती होत होती, आणि दारापाशी बसलेले मामा त्या पांढऱ्या गादीवरून, पिवळ्या डागातून, थेट चालत गेले, शेठजींच्या हातातली बाटली हिसकून घेतली आणि अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले:

“ओ शेठ, द्या ती हिकडं! गादीला पाजायला लावली का मी माझी बाग?”